एश्त्रेमोशला एक दिवस नको, शुक्रवार ते रविवार काढा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सत्तरीतल्या आई-वडिलांना घेऊन लिस्बनला जायचं आहे. त्यातला एक दिवस काढून संगमरवर आणि मातीच्या बाहुल्यांसाठी प्रसिद्ध असलेलं एश्त्रेमोश बघून येता येईल का? तिथून काय आणावं, आणि शाकाहारी माणसाचं तिथे कसं होतं?

सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. पण त्यात किल्ल्याचा मनोरा आणि एक जेवण एवढंच पदरात पडतं. या गावाचं वैशिष्ट्य दगड आणि माती आहे, आणि दोन्ही ठरावीक वारीच नीट भेटतात. खाणींची यंत्रं सोमवार ते शुक्रवार चालतात, मोठा बाजार फक्त शनिवारी सकाळी भरतो, आणि सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात. म्हणून शुक्रवारी सकाळी लिस्बन सोडा, दोन रात्री तिथे राहा आणि रविवारी दुपारनंतर परत फिरा. लिस्बनमधले दोन दिवस कमी झाले तरी चालतील.

आधी पोहोचण्याचं. एश्त्रेमोश लिस्बनच्या पूर्वेला सुमारे 170 किलोमीटरवर, आलेंतेजो प्रांतात आहे. गाडीने ए-2 आणि मग ए-6 महामार्ग धरला की दोन तासांच्या आत पोहोचता. भाड्याची गाडी घेणार असाल तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट भारतातूनच काढून न्या. टोलनाक्यावर हिरव्या खुणेची लेन फक्त टॅग असलेल्या गाड्यांसाठी असते. गाडी ताब्यात घेतानाच टॅग चालू आहे का ते विचारा. नसेल तर तिकीट देणाऱ्या लेनमधून शिरा आणि ते तिकीट बाहेर पडेपर्यंत सांभाळा, कारण टोलची रक्कम त्यावरूनच ठरते. बस लिस्बनच्या सेत रियुश स्थानकावरून सुटते आणि दोन ते अडीच तास घेते. शनिवार-रविवारी फेऱ्या कमी होतात, त्यामुळे परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवा. रेल्वेचा विचार सोडून द्या. एश्त्रेमोशची प्रवासी गाडी 1990 मध्येच बंद झाली. रेल्वेनेच जायचं असेल तर एव्होरापर्यंत जाता येतं, तिथून पुढचे पंचेचाळीसेक किलोमीटर बसने किंवा टॅक्सीने. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर गाडीच बरी, कारण खाणी आणि शेजारची गावं बसने जोडणं कटकटीचं होतं.

गावाचे दोन भाग आहेत. टेकडीवर जुनं गाव आणि किल्ला, पायथ्याशी नवं गाव आणि त्याच्या मधोमध रोसियो मार्केश द पोंबाल हा प्रचंड मोठा चौक. गाडी खालीच लावा. नकाशाचं ॲप तुम्हाला वेशीतून थेट किल्ल्यापर्यंत न्यायला बघेल, पण वरच्या गल्ल्या अरुंद आहेत आणि समोरून गाडी आली तर मागे घेत उतरावं लागतं. शुक्रवारी रात्री मात्र गाडी रोसियोत ठेवू नका. शनिवारी पहाटेपासून तिथे बाजार मांडायला सुरुवात होते. वर चालत जायला पंधरा मिनिटं धरा, आई-वडिलांसोबत पंचवीस. चढ फार नाही, अडचण पायाखालच्या दगडाची आहे. इथे उंबरे, पायऱ्या, पदपथांच्या कडा सगळं संगमरवराचं आहे आणि शतकानुशतकांच्या वापराने गुळगुळीत झालं आहे. पावसात किंवा सकाळच्या दवात त्यावरून पाय सटकतोच. रबरी, खाचा असलेल्या तळव्याचे बूट घाला. चामड्याच्या तळव्याची चप्पल अजिबात नको.

आता शुक्रवारची दुपार, म्हणजे खाण. एश्त्रेमोशचा संगमरवर ज्या पट्ट्यात सापडतो तो भूगर्भातल्या एका उलट्या नावेसारख्या घडीचा भाग आहे. वायव्येला सोझेलपासून आग्नेयेला आलांद्रुआलपर्यंत ही घडी सुमारे चाळीस किलोमीटर पसरली आहे. एश्त्रेमोश, बोर्बा आणि व्हिला व्हिसोझा ही तिन्ही गावं तिच्यावर वसली आहेत. समुद्रतळाशी साठलेल्या चुन्याच्या गाळाचा चुनखडक झाला आणि भूकवचाच्या हालचालींत दाब व उष्णतेने त्याचं पुन्हा स्फटिकीकरण होऊन संगमरवर बनला. लोह आणि मँगनीजच्या अंशामुळे गुलाबी छटा येते, सेंद्रिय कार्बनमुळे करडी ते जवळजवळ काळी. या गडद करड्या दगडाला तिथे रुइव्हिना म्हणतात. जगभर नाव झालंय ते गुलाबी दगडाचं, पण दुधी पांढरा आणि सायीच्या रंगाचाही भरपूर निघतो. रोमन काळापासून हा दगड काढला जातोय. एव्होराच्या रोमन मंदिरात खांबांचे उभे दांडे ग्रॅनाइटचे आहेत, मात्र त्यांची पीठं आणि वरची कोरीव शीर्षं याच पट्ट्यातल्या संगमरवराची आहेत. जाता-येता एव्होरात थांबलात तर तिथे हे दोन दगड एकमेकांशेजारी ठेवून बघता येतात.

खाण बघायची तर ‘रोटा दु मार्मोर’ या मार्गदर्शित सहलीत आधी जागा राखून जा. आपल्या आपण कुठल्याही खाणीच्या कडेला जाऊ नका. या खाणी डोंगराच्या पोटात आडव्या शिरत नाहीत. सपाट जमिनीत उभ्या भिंतींच्या विहिरीसारख्या खाली जातात, काही शंभर मीटरहून खोल आहेत. कडेला सैल माती आणि टाकाऊ दगड असतो. 19 नोव्हेंबर 2018 रोजी बोर्बा ते व्हिला व्हिसोझा हा जुना रस्ता, ज्याच्या दोन्ही बाजूंना खाणी होत्या, खाली कोसळला आणि पाच माणसं गेली. तेव्हा कुंपण ओलांडून फोटो काढण्याचा मोह नकोच. सहलीत हेल्मेट देतात. तुम्ही पूर्ण पँट आणि बंद बूट घालून जा. पांढऱ्या दगडावरून ऊन डोळ्यांवर येतं, काळा चष्मा हवा. आई-वडिलांना तळापर्यंत उतरवायची गरज नाही. वरच्या सज्जातून सगळं दिसतं, आणि तशी सोय आहे का ते जागा राखतानाच विचारता येतं.

तिथे काय बघायचं ते माहीत असेल तर तासाभरात बरंच कळतं. दगड सुरुंगाने फोडत नाहीत, कारण स्फोटाने ठोकळ्यात बारीक तडे जातात आणि तो वाया जातो. आधी वरून एक उभं आणि समोरून एक आडवं, अशी दोन छिद्रं पाडतात आणि ती आत एकमेकांना भेटवतात. हे भेटवणं हेच सगळ्यात कसबाचं काम. मग हिऱ्याची पूड बसवलेल्या मण्यांची पोलादी तार त्यांतून ओवून तिची माळ करतात. रुळांवरचं यंत्र ती माळ फिरवत हळूहळू मागे सरकतं आणि तार दगड कापत जाते. छेदावर सतत पाणी सोडावं लागतं, नाहीतर तार तापून तुटते. तुटलेल्या तारेचे मणी गोळीसारखे उडतात, म्हणूनच तारेच्या रेषेत कोणालाही उभं राहू देत नाहीत. सुटा झालेला मोठा पट्टा खाली टाकण्याआधी तळाशी माती आणि दगडचुऱ्याची गादी पसरतात. एवढं करून काढलेल्या दगडाचा बहुतांश भाग कामाचा नसतो. शिरा, भेगा, रंगातला बदल यांमुळे तो बाजूला जातो. रस्त्यावरून दिसणारे पांढरे ढिगारे त्याचेच आहेत.

खाणीची जागा मिळाली नाही तर एश्त्रेमोशमधल्या माल्तेझाश मठात सिएन्सिया व्हिव्हा हे विज्ञान केंद्र आहे. तिथे भूशास्त्र हात लावून समजून घेता येतं. मुलं सोबत असतील तर खाण मिळाली तरी हे बघाच.

शनिवारी सकाळी नऊपर्यंत बाजारात उतरा. एका बाजूला भाज्या, फळं, चीज, ऑलिव्ह, मध, सुकवलेले सॉसेज आणि रोपं. दुसऱ्या बाजूला जुन्या वस्तू: तांब्याची भांडी, शेतीची अवजारं, सुट्या आझुलेजो (म्हणजे रंगीत, चकचकीत लेपाच्या मातीच्या) फरशा, गायीगुरांच्या घंटा, मातीची भांडी. दुपारी एकच्या सुमाराला आवराआवर होते. जुन्या आझुलेजो फरशांच्या बाबतीत एक विनंती. पोर्तुगालमध्ये इमारतींच्या दर्शनी भिंतींवरून फरशा उपटून विकण्याचा धंदा चालत आला आहे, आणि त्यामुळे चांगली घरं विद्रूप झाली आहेत. मागे ताजा चुना किंवा सिमेंट चिकटलेली, नुकतीच निघालेली फरशी घेऊ नका. फरशांची आवड असेल तर एश्त्रेमोशमधल्याच तोशा वाड्यात 2020 मध्ये उघडलेलं बेरार्दो संग्रहालय बघा. तिथे आझुलेजोची अनेक शतकं ओळीने मांडली आहेत.

चौकालगतची नगरपालिकेची इमारत मूळची ओरेटोरियन पाद्र्यांचा, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाचा, मठ. जिन्यातल्या निळ्या आझुलेजोंसाठी आत डोकवा. गोव्यातल्या वाचकांना हे नाव ओळखीचं वाटेल, कारण संत जोसेफ वाझ याच ओरेटोरियन परंपरेतले.

आता बाहुल्या. त्यांना तिथे बोनेकुश म्हणतात. सतराव्या शतकापासून ही कला चालत आलेली आहे आणि 2017 मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मधे ती जवळजवळ संपली होती. 1930 च्या दशकात तिथल्या कलाशाळेचे संचालक, शिल्पकार जुझे मारिया द सा लेमुश यांनी आना दाश पेलेश या म्हाताऱ्या कारागीर बाईंना गाठलं. बाहुली कशी जोडायची हे त्यांना आठवत होतं. त्यांच्या हातून ते शिकून घेतलं म्हणून ही कला टिकली. आज गावात जी माणसं हे काम करतात, त्यांचं शिक्षण त्या एका धाग्यापर्यंत मागे जातं.

आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं बहुतेक साच्यातली असतात. बोनेकुशचं तसं नाही. मातीचा गोळा, वळलेली वळी आणि लाटलेली पोळी या तीन आकारांतूनच सगळं उभं राहतं. पोळी गुंडाळून पोकळ घागरा, गोळ्याचं डोकं, वळीचे हात. साचा वापरलाच तर चेहऱ्यापुरता. शरीर आधी घडवतात आणि मग कपडे एकेक करून मातीचेच चढवतात. ॲप्रन, शाल, टोपी, बटणं, सगळं वेगळं करून पातळ चिखलाने चिकटवतात. जोडायचे दोन्ही भाग सारखेच ओले हवेत, नाहीतर सुकताना एक जास्त आकसतो आणि सांधा उघडतो. सावलीत काही दिवस सुकवून विजेच्या भट्टीत भाजतात. आत ओल राहिली किंवा हवा कोंडली तर वाफेने बाहुली भट्टीतच फुटते. गार झाल्यावर रंग आणि शेवटी पारदर्शक व्हार्निश. रंग भाजणीनंतरचा आहे हे ध्यानात ठेवा, पुढे जपताना त्याचा संबंध येतो.

विकत घेण्याआधी टेकडीवरचं नगरपालिकेचं संग्रहालय बघा. जुन्या बाहुल्या समोर असल्या की दुकानातल्या बाहुलीत काय बघायचं ते आपोआप कळतं. दोन आकृत्या ओळखून ठेवा. डोक्यावर फुलांची कमान घेतलेली ‘प्रिमाव्हेरा’, म्हणजे वसंत. आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेली ‘आमोर ए सेगु’, म्हणजे आंधळं प्रेम. याशिवाय येशूजन्माचे देखावे, राणी संत इझाबेल, मेंढपाळ, ऑलिव्ह वेचणाऱ्या बायका, आणि शिट्टी म्हणून वाजणाऱ्या छोट्या आकृत्या असतात. पहिल्यांदाच घेत असाल तर एखादी छोटी शिट्टी किंवा मेंढपाळ घ्या. प्रिमाव्हेरा सगळ्यांत देखणी असते, पण तिची कमान प्रवासात सगळ्यांत आधी मोडते.

बाहुली हातात घेऊन उलटी करा. तळाशी किंवा मागे कारागिराची सही किंवा शिक्का आणि गावाचं नाव हवं. हात आणि शरीर यांच्या सांध्यावर केसासारखी रेघ दिसली तर ती ठेवून द्या. एकाच आकृतीच्या चार बाहुल्या शेजारी ठेवून बघा. घड्या, मान, बोटं थोडी वेगळी असतील तर ते हाताचं काम. तंतोतंत सारखी असतील तर ती साच्यातली आहे, आणि आठवण म्हणून वाईट नसली तरी तिला हाताच्या कामाची किंमत देऊ नका. शक्य असेल तर थेट कार्यशाळेत जाऊन घ्या. बऱ्याच कार्यशाळा शनिवारी दुपारनंतर बंद होतात, म्हणून बाजार लवकर आटोपता घ्या. घासाघीस करू नका. लहानशा बाहुलीमागेही अनेक दिवसांचं काम असतं. बाजारातली जुनी शिट्टी मुलांना तोंडात घालायला देऊ नका, कारण जुन्या रंगांत शिसं असू शकतं.

बांधताना बाहुलीभोवती आधी मऊ टिश्यू कागद, हाताखालच्या आणि मानेमागच्या पोकळ्यांत त्याचेच बोळे, मग बुडबुड्यांचं प्लास्टिक. प्लास्टिक थेट रंगावर नको, उष्णतेत व्हार्निशला चिकटतं. हातातल्या बॅगेतूनच न्या. घरी ओल्या फडक्याने पुसू नका. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडायची. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात काचेच्या कपाटात ठेवली तर रंग टिकतो.

संगमरवराची वस्तू घेताना आधी वजनाचा हिशेब करा. घनसेंटिमीटरला साधारण 2.7 ग्रॅम धरायचे. म्हणजे 30 बाय 30 सेंटिमीटरची, 2 सेंटिमीटर जाडीची पाटी जवळजवळ पाच किलो भरते. खल, लहान वाडगा, चीज कापायची छोटी पाटी इथपर्यंत ठीक. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो, व्हिनेगर यांनी झिलई जाऊन पांढरट डाग पडतो. तो डाग पुसून जात नाही, घासून पुन्हा झिलईच करावी लागते. स्वयंपाकघरात वापरायची वस्तू म्हणूनच चकचकीत नको, मॅट घ्या. तिच्यावर डाग कमी दिसतात. उजेडासमोर धरून शिरा बघा. शिरेत बोट फिरवल्यावर काठ लागला तर ती भेग आहे, आणि प्लास्टिकसारखी चमक दिसली तर तिथे राळ भरलेली आहे. राळ भरणं ही फसवणूक नाही, पण गरम भांडं ठेवायच्या वस्तूत ती नको.

शनिवारी दुपारी उन्हात वर चढू नका. संध्याकाळी किल्ल्यावर जा. 27 मीटर उंचीचा मनोरा संगमरवराचा आहे, तेराव्या शतकात राजा आफोन्सु तिसरा याच्या काळी या किल्ल्याचं काम सुरू झालं. शेजारच्या राजवाड्यात आता पोझादा, म्हणजे वारसा हॉटेल आहे. मनोऱ्यावर जायचं तर स्वागतकक्षात विचारा. वरचा जिना उंच पायऱ्यांचा आहे, गुडघेदुखी असेल तर खालच्या गच्चीतूनही मैदान छान दिसतं. राजा दिनिशची विधवा राणी इझाबेल मुलगा आणि नातू यांच्यातलं युद्ध थांबवायला इथे आली आणि 1336 मध्ये इथेच वारली. तिला पुढे संतपद मिळालं. तिच्या नावाचं छोटं प्रार्थनागृह किल्ल्यातच आहे. 1698 मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात जुना राजवाडा उद्ध्वस्त झाला. आज दिसतो तो नंतर बांधलेला.

रविवारी सकाळी व्हिला व्हिसोझा, बोर्बामार्गे जेमतेम वीस किलोमीटर. ब्रागांझा या पोर्तुगालच्या राजघराण्याच्या वाड्याचा सुमारे 110 मीटर लांब दर्शनी भाग पूर्ण संगमरवराचा आहे. आपल्या दृष्टीने हा वाडा फारच जवळचा आहे. 1638 मध्ये कातारिना द ब्रागांझा इथे जन्मली. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी तिचं लग्न ठरलं तेव्हा 1661 च्या करारात मुंबई आंदण म्हणून लिहून दिली गेली. आत फक्त मार्गदर्शकासोबत सोडतात आणि बरंच चालणं-उभं राहणं होतं. इंग्रजी फेरी कधी आहे ते आदल्या दिवशी विचारून ठेवा.

जेवणाचं. आलेंतेजोचं जेवण डुकराच्या मांसावर उभं आहे आणि भाजीच्या सुपातही सॉसेजचा तुकडा असतो. ‘सें कार्न, सें पेश’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, हे दोन्ही म्हणा. नुसतं मांस नको म्हटलं तर मासा येतो. पाव, लसूण, कोथिंबीर आणि ऑलिव्ह तेलाची असोर्दा चांगली लागते, पण तिचं पाणी बऱ्याचदा सुकवलेल्या कॉड माशाचं असतं आणि वर अंडं असतं. साध्या पाण्यात करून मिळेल का ते विचारा. मिगाश या पावाच्या पदार्थात सहसा डुकराची चरबी असते. भरवशाचं म्हणजे पाव, ऑलिव्ह, मेंढीच्या दुधाचं चीज, सॅलड, बटाटे, आणि अंडं चालत असेल तर ऑम्लेट. पाश्चरायझेशनचं आणि रेनेटचं (दूध गोठवायला वापरतात त्या, बऱ्याचदा प्राण्यांपासून मिळणाऱ्या द्रव्याचं) पथ्य असेल तर चीजही विचारून घ्या. न मागता टेबलावर आलेले पाव, ऑलिव्ह, चीज फुकट नसतात. हात लावला तर बिलात धरतात, नको असेल तर परत पाठवा, कोणी रागावत नाही. दुपारी तीननंतर आणि संध्याकाळी साडेसातच्या आधी स्वयंपाकघर बंद असतं, रविवारी रात्री तर अनेक ठिकाणी उघडतच नाही. आई-वडिलांच्या औषधांच्या वेळा सांभाळायला बाजारातली फळं आणि पाव खोलीत ठेवा.

महिने मार्च ते मे किंवा सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि पांढऱ्या दगडाच्या चौकात सावली मिळत नाही. एप्रिलच्या अखेरीला हस्तकला आणि पशुधनाचं फियापे हे मोठं प्रदर्शन भरतं. त्या दिवसांत कारागीर एका ठिकाणी भेटतात, मात्र खोल्या फार आधी भरतात. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर खोलीत हीटर आहे का हे आरक्षणाआधी लेखी विचारा, जुन्या दगडी घरांत रात्री चांगलीच थंडी वाजते.